बुटाच्या नाडीतली किल्ली

मी किल्ली बोलतेय. खरं सांगायचं तर निम्मीच किल्ली. डोकं आणि थोडीशी मान एवढंच माझं शिल्लक आहे. माझे दात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आहेत, काचेच्या बरणीत, माणसांच्या दातांशेजारी. हसा खुशाल. पण मी तिथवर कशी पोचले, तेही ऐका.

माझा जन्म एका कुलपाच्या पोटी झाला. आम्ही दोघी जुळ्या. बहीण गेली घरधन्याच्या खिशात. तो छापखान्यात रात्रपाळी करतो, त्यामुळे तिच्या अंगाला कायम शाईचा वास. मी राहिले दाराशेजारच्या खिळ्यावर, घरधनिणीच्या हाताशी. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. त्यांची मुलगी दुसरीत आहे. पेन्सिली कुरतडते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात.

मी जात्याच हट्टी. एक दार ओळखायचं आणि दुसऱ्याच्या कुलपात डोकावायचं नाही, हे आमच्या जातीचं ब्रीद. माणसांना मात्र आमची कदर नसते. किल्लीनं ती पार्सलं फाडतात, कान कोरतात, आणि अर्धा दिवस आम्हाला शोधण्यात घालवून शेवटी आमच्यावरच ओरडतात. या घरधन्यानं तर कहर केला. रंगाच्या डब्याचं झाकण निघेना म्हणून त्यानं मला झाकणाखाली घातलं आणि दाबलं. झाकण उघडलं, पण माझ्या मानेत बारीकशी चीर गेली. कुणाला दिसली नाही. मला बोलता येत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

तो रंग होता अण्णांच्या खोलीसाठी. अण्णा म्हणजे घरधनिणीचे वडील. त्यांची स्वतःची बेकरी होती. उभा जन्म त्यांनी पहाटे उठून भट्टी पेटवली, आणि गल्ल्यावर त्यांची बायको बसायची. बायको गेली, बेकरी बंद झाली, आणि मग हळूहळू अण्णांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग बायको गेल्याचंही. पहाटे उठायचं तेवढं मात्र ते विसरले नाहीत.

इथं राहायला आले त्याच आठवड्यात ते पहाटे घराबाहेर पडले. बंद बेकरीच्या शटरसमोर अनवाणी उभे सापडले. थंडीनं पाय निळे पडले होते. त्या दिवसापासून घरात नियम झाला की दार कायम कुलूपबंद. आमचं कुलूप असं की आतून असो वा बाहेरून, किल्लीशिवाय उघडत नाही. मला उंच खिळ्यावर टांगलं गेलं, अण्णांचा हात पोचणार नाही तिथं.

दिवसा अण्णा एका केंद्रात जायचे. तिथं त्यांच्यासारख्याच विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात. घरधनीण कामाला जाऊ शकायची ती या केंद्राच्या जिवावर. पण केंद्राचं छप्पर गळायला लागलं आणि ते दुरुस्त झालं नाही तर केंद्र बंद करावं लागेल असं सांगण्यात आलं. मदत गोळा करायला हिवाळा संपताना मॅरेथॉन ठरली; जो पळेल त्याच्या नावानं ओळखीचे लोक पैसे देणार होते. घरधनिणीनं नाव दिलं. शाळा सुटल्यापासून ती कधी पळाली नव्हती. बस पकडायला पळायची तेवढंच.

"तू आणि मॅरेथॉन?" नवरा म्हणाला. "परवा जिन्यात दम लागला होता तुला."

"म्हणूनच आत्तापासून सुरुवात करतेय."

"आणि वेळ कुठून आणणार?"

वेळ तिनं पहाटे काढला. नवरा छापखान्यातून परतायच्या आधी, खारू आणि अण्णा झोपेत असताना. खिळ्यावरून ती मला अलगद काढायची, दार बाहेरून बंद करायची आणि मला उजव्या बुटाच्या नाडीत ओवून गाठ मारायची. कुलूप लावताना दर वेळी क्षणभर थांबायची. मग स्वतःशीच म्हणायची, "झोपलेत दोघं. आलेच मी." आणि पळायला लागायची.

मी आयुष्यात पहिल्यांदा जग पाहिलं, तेही पायाच्या उंचीवरून. गोठलेली डबकी, दुधाच्या गाड्यांची चाकं, झाडाखाली सांडलेली भिजकी पानं. सुरुवातीला ती दोन चौक पळून खांबाला टेकायची. मग पुलापर्यंत गेली, मग पुलापलीकडे. पूल ओलांडला की तिचा श्वास बदलायचा. घरात ती कायम कुणाच्या तरी हाकेला ओ देत असते. "आई, माझा मोजा." "अगं, चहा." "पोरी, तुझी आई कुठंय?" इथं कुणी हाक मारत नव्हतं. एकदा पुलावर थांबून ती एकटीच हसली. मला तिच्याबद्दल माया वाटली, आणि त्याच वेळी भीतीही. कारण तिकडे कुलपात काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण परत आल्यावर मी आत शिरायचे तेव्हा कुलूप रोज थोडं अधिक सैल लागायचं. आतून कुणीतरी दार ओढत असल्यासारखं. माझ्या मानेतली चीरही वाढत होती.

दिवसभर तिच्या नाकी नऊ यायचे. दुकानात ती लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगायची आणि मध्येच स्वतः पेंगायची. खारूच्या डब्यात दोनदा पोळीच नव्हती. नुसतीच भाजी. नवऱ्याची आणि तिची भेट म्हणजे दारातली अदलाबदल. तो येतोय, ही निघतेय. "दूध घेतलं?" "अण्णांच्या गोळ्या?" "बघते." एवढाच संसार.

शर्यत जवळ आली तसं सुट्टीच्या दिवशी लांब पळणं आलं. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. ती नेहमीच्या पुलापुढे खूप लांब गेली. परतताना तिची चाल मंदावली, ती पाय ओढू लागली. घराच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि तिला वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा.

जिना ती कशी चढली ते तिलाही सांगता येणार नाही. गारठलेल्या बोटांनी गाठ सुटेना, तिनं नाडीच तोडली. मला कुलपात घातलं आणि फिरवलं. नेमकं त्याच वेळी आतून कुणीतरी दार जोरानं ओढलं. माझी मान मोडली.

ती घटका मी विसरणार नाही. माझे दात कुलपात, डोकं तिच्या हातात. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई?" दाराच्या फटीतून खारूचा आवाज आला. "आजोबांनी ओव्हन लावलाय. आत माझे डबे होते. खूप धूर झालाय."

रिकाम्या ओव्हनमध्ये डबे-ताटं कोंबून ठेवायची घराघरात सवय असते. या घरातही होती.

"खारू, खाली बस. दाराशीच बस. बाहीनं नाक झाक." मग तिनं हाका मारल्या, "अण्णा! अण्णा, ओव्हन बंद करा!"

आतून शांत आवाज आला. "कोण बाई? दुकान उघडायला वेळ आहे अजून."

"अण्णा, मी आहे. ओव्हन बंद करा. धूर झालाय."

"पहिली खेप जरा करपतेच. तुम्ही नंतर या."

तिनं दारावर मुठी आपटल्या. मी तिच्या मुठीतच होते, मलाही लागलं. खारू खोकायला लागली. आणि मग घरधनिणीनं मुठी आपटणं थांबवलं. तिनं कपाळ दाराला टेकवलं, श्वास आवरला, आणि एका वेगळ्याच आवाजात बोलली. जरा लाडिक, जरा दमदाटीच्या. तिची आई गल्ल्यावरून मागे भट्टीकडे हाक द्यायची तो आवाज.

"अहो, ऐकलंत का? पुरे झाले आज पाव. भट्टी शांत करा आता."

मग अण्णांची पावलं वाजली. "झालं, झालं. करतो." बटण फिरल्याचा आवाज आला. भट्टी शांत केली की खिडक्या उघडायच्या, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. मग दाराशी येऊन म्हणाले, "आज लवकर उठलीस गं. थंडी आहे, शाल घे."

"घेते," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसून रडली.

वरच्या डॉक्टरीणबाई आवाज ऐकून खाली आल्या. तेवढ्यात नवराही आला, खिशात माझी बहीण घेऊन. पण माझे दात कुलपात अडकलेले, बहिणीला आत शिरायला जागाच नाही. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि वर जाऊन आपला चिमटा घेऊन आल्या. "जन्मभर माणसांचे दात उपटले. दाराचा पहिल्यांदाच," असं पुटपुटत त्यांनी माझे दात ओढून काढले. भूल न देता. मग बहिणीनं दार उघडलं.

खारूचं तोंड काळं झालं होतं, बाकी ती ठीक होती. अण्णा टेबलाशी बसून वितळलेल्या डब्याकडे बघत होते. नवऱ्यानं आधी पोरीला पोटाशी धरलं, मग बायकोकडे वळला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान. जगातल्या म्हाताऱ्यांसाठी पळतेस आणि घरच्याला कोंडून ठेवतेस."

"कोंडायचं आपण दोघांनी ठरवलं होतं."

"बाहेरून? पोरीसकट? हे नव्हतं ठरलं."

ती बाहीनं खारूच्या तोंडावरची काजळी पुसायला लागली. मग म्हणाली, "केंद्रासाठी पळते हे खरंय. पण तेवढंच खरं नाही. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही रे. त्यासाठी पळते. मला वाटायचं, झोपलेतच दोघं, त्यांना काय कळणार."

"आम्ही नाही झोपत," खारू म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"कुलूप वाजलं की आजोबा उठतात. दार ओढतात. उघडलं नाही की रडतात. मग मी त्यांच्याजवळ बसते. तू येईपर्यंत आम्ही दाराशीच असतो. तुझी पावलं वाजली की मी त्यांना पलंगावर नेते आणि आम्ही झोपल्याचं नाटक करतो."

"मला सांगितलं का नाहीस, बाळा?"

"तू पळून आलीस की छान दिसतेस."

घरधनिणीनं मूठ उघडली. इतका वेळ मी तिच्या तळहातात रुतले होते.

ते कुलूप काढून टाकलं. त्याजागी आतून सहज उघडणारी साधी कडी आली, आणि दाराला एक घंटी बांधली. अण्णा दार उघडतात, घंटी वाजते, कुणीतरी त्यांच्यामागे जातं. ठरल्या दिवशी पहाटे डॉक्टरीणबाई येऊन बसतात, तेव्हाच घरधनीण पळते. पूर्वीइतकं नाही. पुलाच्या अलीकडूनच मागे फिरते. नवऱ्यानं दिवसपाळी मागितलीय, अजून मिळालेली नाही. दोघं नीट बोलतात, पण जपून बोलतात. घरात एक भेग पडलीय, आणि भेगांतलं मला कळतं.

शर्यतीचा दिवस उजाडला. तिनं छातीवर क्रमांकाचं कापड लावलं. खारूनं मला बटणांच्या डब्यातून काढलं आणि आईच्या नाडीत ओवलं. "हिला ने आई. आता हिच्यानं दार बंद होत नाही."

तेवढ्यात वाऱ्यानं घंटी पुन्हा वाजली; मघाशी वाजली ती गडबडीत कुणी ऐकलीच नव्हती. अण्णांच्या खोलीत कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं.

नवरा घरी यायचा होता. खारूला डॉक्टरीणबाईंकडे सोडून ती निघाली. शर्यत सुरू होणार होती नदीकडे. ती उलट्या दिशेनं पळाली. सांगते, सगळ्या हिवाळ्यात मी तिला तसं पळताना पाहिलं नव्हतं.

अण्णा बेकरीच्या बंद शटरपाशी पायरीवर अनवाणी बसले होते. शटरवर त्यांनी हात टेकवला होता.

"किल्ली मिळत नाही गं," ते म्हणाले. "गिऱ्हाईकं येतील."

ती त्यांच्याशेजारी बसली. दूर नदीकडून भोंग्याचा आवाज आला आणि लोकांचा ओरडा. शर्यत सुटली होती. तिनं एकदा तिकडे मान वळवली. मग वाकून नाडी सोडली, मला काढलं आणि अण्णांच्या हातात दिलं.

त्यांनी मला उलटंसुलटं पाहिलं. मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "ही तुटलीय."

"हो अण्णा."

"मग आज सुट्टी," ते म्हणाले आणि उठले. तिनं त्यांच्या पायात आपले मोजे चढवले. दोघं हळूहळू घरी आले. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, तुझ्या छातीवर हा आकडा कसला? तिनं दोन्ही वेळा सांगितलं.

ज्यांनी तिच्या नावानं मदत कबूल केली होती त्यांतल्या काहींनी दिली, काहींनी हात आखडता घेतला. केंद्राचं छप्पर निम्मंच दुरुस्त झालंय. पुढच्या हिवाळ्यात काय होईल ते तिला माहीत नाही, मला तर नाहीच.

मी आता अण्णांच्या खिशात असते. ते दिवसातून कितीदा तरी मला चाचपून बघतात आणि त्यांना हायसं वाटतं. किल्ली आपल्यापाशी आहे, एवढं त्यांना पुरतं. तिनं कोणतंच दार उघडत नाही हे ते विसरतात, आणि मी त्यांना आठवण करून देत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्या जातीची कुणी असेलच. तुम्हालाही कुठंतरी पळायचं असेल, आणि ते काही पाप नाही. फक्त बाहेरून किल्ली फिरवल्यावर लगेच निघू नका. चार पावलं जा, आवाज न करता परत या आणि दाराला कान लावून उभे राहा. आत कुणी जागं असेल, तर ते तुमच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत गप्पच बसतं.