एक डोळा पाण्यात, एक डोळा बाजारात

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, माझ्या तोंडाशी दोन डोळे रंगवलेले आहेत. डावा खाली पाण्यात बघतो आणि उजवा सरळ समोर. मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतो. हसू द्या. असे डोळे साऱ्या कालव्यात दुसऱ्या कुणाला नाहीत.

माझा जन्म कांथो शहराच्या खालच्या अंगाला, एका कालव्याच्या काठी झाला. कारखान्यात नव्हे, लुआनच्या घरामागे नारळीखाली. लुआन मासे धरायचा. वडिलांची होडी सडून गेली, तेव्हा त्याने स्वतःच मला बांधायला घेतले. त्या दिवसांत आमच्या काठावरच्या घरांना एकामागून एक कुलपे लागत होती. नदीत मासा उरला नव्हता आणि माणसे सायगावकडच्या कारखान्यांत जात होती. लुआनने बायकोला सांगून टाकले होते, "दिएप, ही होडी शेवटची. तेतपर्यंत हिने पोट भरलं तर ठीक. नाहीतर सण झाला की मीही बसमध्ये बसणार." तेत म्हणजे आमचे नवे वर्ष. त्या दिवशी दिएपचा भात करपला.

फळी वाकवणे हे सगळ्यात अवघड काम. तिला ओला चिखल थापायचा, खाली नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवायचा आणि दोन्ही टोकांना दगड टांगून वाट बघायची. लुआनला वाट बघणे जमत नाही. त्याने घाई केली आणि पहिली फळी कडकन मोडली. रागाने त्याने हातोडी कालव्यात फेकली आणि मग ती शोधायला स्वतःच बुड्या मारत बसला. दुसरी फळी मात्र त्याने गुमान वाकवली. सांध्यांत कुटलेली साल ठासली, वर राळ चोपडली. आता राहिले इंजिन. शेतातल्या पंपाचे एक जुने इंजिन त्याने मिळवले. त्याला लांब दांडा लावायचा आणि टोकाला पंखा. आमच्याकडे त्याला कोळंबीची शेपटी म्हणतात.

हे सगळे होत असताना नवराबायकोचे भांडण चालूच होते.

"नदीत मासे आहेत कुठे?" दिएप म्हणायची. "अहो, पाण्यावरच्या बाजारात जाऊ. होडीत चूल मांडते. शेवया आणि रस्सा विकू."

"आणि मी काय, बायकोच्या मागे वाट्या विसळत फिरू? लोक तोंडात शेण घालतील."

"वाट्या विसळून हात झिजत नाहीत. रिकामं जाळं ओढून झिजतात."

आता डोळ्यांचे सांगते. मासेमारी करणाऱ्या होडीचे डोळे खाली बघतात, कारण तिला मासे दिसायला हवेत. व्यापाराच्या होडीचे डोळे सरळ बघतात. आमच्या काठावर डोळे रंगवायचे ते म्हाताऱ्या ताम काकांनीच. लुआनने त्यांना मासेमारीचे डोळे सांगितले आणि तो इंजिन आणायला गेला. काकांनी माझा डावा डोळा रंगवला, तोच दिएप तळलेली मरळ घेऊन आली. "काका, बाजाराचे डोळे काढा हं," ती म्हणाली. काकांनी डाव्या डोळ्याकडे बघितले, मरळीकडे बघितले आणि उजवा डोळा सरळ काढला. मग डोळ्यांवर लाल फडके बांधले. ते होडी पाण्यात लोटतानाच सोडायचे असते.

मला पाण्यात लोटायच्या दिवशी सगळा काठ जमला. फडके सुटले आणि सगळे वाकून बघू लागले. मग एक शेजारीण म्हणाली, "अगंबाई! ही सरळ चालेल की जागच्या जागी गरगर फिरेल?"

"काका, हे काय?" लुआन ओरडला.

"दोघांनी सांगितलं, दोघांचं ऐकलं," काका म्हणाले. "मला म्हाताऱ्याला तुमच्या भांडणात कशाला ओढता?"

एकदा उघडलेले डोळे खरवडत नाहीत. तसे केले तर होडी आंधळी होते. म्हणून ते तसेच राहिले.

मी गरगर फिरले नाही. सुरीसारखी सरळ गेले. लोकांनी लुआनच्या हाताचे कौतुक केले आणि मीही फुगले. पण कौतुकाने जाळे भरत नाही. कधी दोन मरळी यायच्या, कधी नुसते शेवाळ. मी माझ्या परीने खाली बघत होते. खाली काही नव्हतेच, तर मी तरी काय दाखवणार?

मग लुआन झोपलेला असताना दिएप मला पहाटे बाजारात नेऊ लागली. तिच्या रश्श्याला चव होती, पण हात दोनच. इंजिन धरावे तर वाढणार कोण? एकदा वाळूचे मोठे जहाज शेजारून गेले, त्याच्या लाटेने पातेले कलंडले आणि सगळा रस्सा माझ्या तळात सांडला. "चला ना बरोबर," ती घरी येऊन म्हणायची. लुआन कूस बदलायचा. अशाने पोट भरेना. तेत आला, गेला, आणि लुआनने पिशवी भरली. मला फार वाईट वाटले. ज्याला थांबवायला मी जन्मले, त्यालाच मला बसपर्यंत पोहोचवायचे होते.

बस मोठ्या पुलाजवळ यायची. दिएपने इंजिन सुरू केले. चूल पेटलेली होती, पातेले चढलेले होते.

"मला सोडायला निघालीस की धंद्याला?" लुआनने विचारले.

"तुम्हाला सोडून तशीच पुढे जाईन. रिकामी होडी फिरवून काय करू?"

पुलाकडे सरळ कालवा जातो. दिएपने मला त्याच्या आधीच वळवले, जिथे अननसांच्या होड्या लागतात तिकडे.

"इकडून कुठे?"

"तिकडे पाणी उथळ आहे."

अननसवाल्या होडीतून एक बाई ओरडली, "ए वहिनी, शेवया आहेत का? आम्ही सगळे उपाशी आहोत!"

"नाही म्हण," लुआन पुटपुटला. "बस जाईल."

"वर्षाची पहिली भवानी आहे," दिएप म्हणाली. "परत पाठवली तर सगळं वर्ष हात हलवत बसावं लागेल. मी नाही म्हणणार. तुम्हीच म्हणा."

भवानी परत पाठवणारा माणूस आमच्या पाण्यावर अजून जन्मला नाही. लुआनने दिएपच्या हातून इंजिनाचा दांडा घेतला आणि मला त्या होडीला बिलगून उभे केले. दिएप वाढू लागली. वाट्या संपल्या.

"दादा, बघत काय बसलात? वाट्या धुवा की पटापट!" अननसवाली म्हणाली.

शहरासाठी घातलेली नवी पँट लुआनने गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो वाट्या विसळू लागला. इतक्यात मागून दुसरी होडी आली, तिच्यामागे तिसरी. पुलावरून बसचा भोंगा वाजला. लुआनने मान वर केली. दिएपचा डाव पातेल्यातच थांबला. राहा, असे ती म्हणाली नाही. बस पूल ओलांडून गेली.

लुआनने रश्श्याचा घोट घेऊन बघितला. "पातळ झालाय," तो म्हणाला. "उद्या मरळ टाकू."

दिएपने वाफेत तोंड घातले ते बराच वेळ वर काढलेच नाही.

मित्रांनो, नंतर खूप वर्षे आम्ही तिघांनी धंदा केला. आता काठाने रस्ता झाला आहे, पाण्यावरचा बाजार विरळ झाला आहे आणि शेवया रस्त्याकडेच्या टपरीत विकल्या जातात. मी नारळीखाली पालथी पडून असते. लाकूड वापरले नाही की सुकते आणि सांधे उघडतात. होडी असो, सायकल असो की विहिरीचा रहाट असो, काम संपले म्हणून विसरू नका. वर्षातून एकदा तरी हात फिरवा. तेवढे पुरते.

लुआनचे गुडघे दुखतात, तरी परवा तो राळेचा डबा घेऊन आला. माझ्या तळावर हात फिरवता फिरवता त्याने दिएपला विचारले, "त्या दिवशी खरंच पाणी उथळ होतं का गं?"

"होडीला विचारा," दिएप म्हणाली आणि टपरीकडे निघून गेली.

त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पुलाकडच्या त्या कालव्यात पाणी चांगले पुरुषभर खोल होते.