आम्ही की आपण

साहेबांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि जयपूरजवळच्या चाकसूतल्या मुलींच्या शाळेतली आठवी एकदम चिडीचूप झाली. कॅसेटमधली बाई खणखणीत विलायती आवाजात म्हणाली, "वी आर गोइंग टु द फेअर." मुलींनी तेच पाठोपाठ म्हटलं. पुन्हा बटण, पुन्हा तेच.

"उच्चार बघा मॅडम, किती निर्दोष!" साहेब इंग्रजीच्या बाईंना, शालिनीला म्हणाले. "दहा वर्षांनी जगभर इंग्रजी हीच शिकवेल. शिक्षकानं नुसतं बटण दाबायचं."

"यस सर," शालिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ओमानमधल्या शाळांसाठी शिक्षक निवडायला हे साहेब आले होते, आणि तिच्या इंग्रजीतलं सोलापूर अजून गेलं नव्हतं. नोकरी दोन वर्षांची, पण जायचं एकटीनंच. नवरा विलास जयपूरला बँकेत, मुलगी विभा दहा वर्षांची. परदेशी जाऊन शिकवायचं हे शालिनीचं कॉलेजपासूनचं वेड. पण विभाकडे नजर गेली की तिला वाटायचं, निवड न झाली तरच बरं.

पहिल्या बाकावरच्या अलकानं हात वर केला.

"बहनजी, ये 'वी' म्हे है कि आपां?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. कॅसेट आपली फिरतच होती.

शालिनीला हसू आलं. हिंदीत 'हम' म्हटलं की विषय संपला, इंग्रजीत 'वी' म्हटलं की संपला. पण या पोरींच्या घरच्या बोलीत 'म्हे' म्हणजे थेट आपलं 'आम्ही', आणि 'आपां' म्हणजे 'आपण'. कॅसेटमधली बाई जत्रेला निघालीय ती आपल्याला घेऊन की वगळून, एवढंच अलकाला हवं होतं. शीतलामातेची जत्रा चार दिवसांवर आलेली. तिला ते कळायला नको?

शालिनीनं टेप बंद केला. साहेबांना विचारलंसुद्धा नाही! तीन मुलींना घेऊन ती दाराकडे निघाली आणि मान वळवून अलकाला म्हणाली, "वी आर गोइंग टु द फेअर." अलकाचं तोंड एवढंसं झालं.

"म्हे!" वर्ग ओरडला.

मग शालिनी परत आली, तिनं अलकाचा हात धरला आणि तेच वाक्य, तेच शब्द, पुन्हा म्हटलं. "आपां!" सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यानंतर पोरींना आवरायला कुणाची छाती होती? वर्षभर तोंड न उघडलेली शेवटच्या बाकावरची मुलगीसुद्धा मैत्रिणीला ओढत "वी, वी" करत दारापर्यंत जाऊन आली. शालिनी म्हणजे बारा वर्षं खडूची धूळ खाल्लेली बाई. कुठलं बटण तिला हरवणार होतं!

साहेब वायर गुंडाळत होते.

"मॅडम, हे कॅसेटमध्ये कसं भरायचं?"

"नाही भरता येणार, सर."

"मग तुम्हालाच यावं लागेल," साहेब म्हणाले. "ऑगस्टमध्ये."

संध्याकाळी शालिनी जयपूरला, मुरलीपुऱ्यातल्या घरी पोचली, तर विभा दारातच उभी.

"आई, आम्ही कधी जेवणार?"

"आम्ही म्हणजे कोण गं? तू नि बाबा? आणि मी उपाशी?"

"मतलब... आपण," विभानं जीभ चावली. तिचं हे रोजचंच. हिंदी शाळेत वाढलेली पोर. 'हम'चं मराठी करताना तिच्या तोंडी हमखास 'आम्ही'च यायचं.

ताटं मांडता मांडता शालिनीनं सांगितलं, "निवड झाली."

"अरे वा!" विलासनं पेपर खाली ठेवला. "मग?"

"मग काय? जमणार नाही म्हणून कळवते. दोन वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे, अहो? हिची वेणी कोण घालणार?"

विभा उठली, तिनं तिघांचे पेले पाण्यानं भरले आणि आपल्या जागी येऊन बसली. वरणभात तसाच ठेवून ती ताटाकडे बघत राहिली.

"आई, तू जा. वेणी येते मला," ती हळूच म्हणाली. "आम्ही राहू इथं. आम्ही तुला रोज पत्र लिहू."

"अगं, 'आपण' म्हणावं," विलास सवयीनं म्हणाला.

शालिनीचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"नाही हो," ती म्हणाली. "आज बरोबर बोलली ती."

आणि तिनं विभाचा हात धरला.