आधी कोणता पेपर?

मे महिन्यात कॉलेजांमधून एक बैठक होते. चहा येतो, खारे शेंगदाणे येतात आणि पुढच्या वर्षी कोण काय शिकवणार याची वाटणी होते. लातूरच्या एका कॉलेजातल्या गणित विभागात वाटणीची एक रीत पडून गेली होती. जो सगळ्यांत ज्येष्ठ, त्यानं आधी आपला पेपर निवडायचा, सोयीचं सत्रही निवडायचं. उरेल ते धाकट्यांच्या ताटात. विषयांचा क्रम असा लागायचा. भांडण होत नव्हतं, म्हणून सगळं बरोबर चाललंय असंच सगळे समजत होते.

विभागप्रमुख मल्लिनाथ सरांचा जीव रिअल ॲनालिसिसवर, म्हणजे सिद्धतांच्या पेपरावर. तो पेपर ते पहिल्याच सत्रात घेत. लिमिट हाताळायला शिकवणारं कॅल्क्युलस मग आपोआप दुसऱ्या सत्रात ढकललं जाई. गेल्या वर्षीच्या बैठकीत मंजुषा बिरादार मॅडम मध्येच बोलल्या. उदगीरच्या, नुकत्याच रुजू झालेल्या.

"सर, कोण शिकवणार ते मागाहून ठरवू. आधी कशावर काय उभं आहे ते बघू ना. लिमिट म्हणजे काय हे ज्या पोरांनी हाताळलंच नाही, त्यांच्याकडं आपण त्याची सिद्धता मागतोय. भाकर कधी थापली नाही, अन् आपण विचारतोय ती फुगते कशी."

"बारावीत झालेलं असतं मॅडम ते."

"क्लासवाल्यांचं झालेलं असतं. खेड्यातल्या कॉलेजात गणिताचा मास्तरच नसतो कधी कधी."

सर हसले. "असू द्या. पहिल्याच सत्रात चाळणी लावलेली बरी. खडे वेगळे निघतात."

सगळेच हसले. सर वाईट माणूस नव्हते हो! शिकवताना तहानभूक विसरत. आपल्या हातून कुणाचं नुकसान होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या जूनमध्ये रेणापूरकडच्या एका खेड्यातून ऋतुजा आली. ग्यानोबा आणि साखराबाईची थोरली पोर. सकाळच्या एसटीनं यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. गणिताची एवढी आवड, की सर फळ्यावरून वळले की तिचे डोळे चमकताना दिसायचे. मग हळूहळू ते डोळे वहीतच राहू लागले. दिवाळीच्या सुमारास ती मागच्या बाकावर गेली. सरांनी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, चाळणी काम करतेय. पहिल्या सत्राचा निकाल लागला, त्यात ती ॲनालिसिसमध्ये नापास झाली.

यंदाच्या मे महिन्यात, ऊन रणरणत असताना, ऋतुजा विभागात आली. टी.सी.च्या अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी होती.

"टी.सी.? कामून गं?" सर एरवी प्रमाण बोलत, पण घाबरले की त्यांची औशाची बोली बाहेर येई.

"लग्न ठरलंय सर. भोकरला दिलंय."

"अगं, दुसरं सत्र तर चांगलं गेलं म्हणत होत्या मॅडम."

"लई चांगलं गेलं सर. मॅडमनी कॅल्क्युलस शिकवलं अन् मला लिमिट कळलं. मग मी तुमची पहिल्या सत्राची वही परत काढली. सगळं आपोआप सुटायलं होतं. राहिलेला पेपर परत दिला, एक पण प्रश्न सोडला न्हाई." ती पदराशी चाळा करावा तशी ओढणी पिळत राहिली. "सर, हे आधी शिकवलं असतं तर मी पहिल्यांदाच पास झाले असते का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी शंका विचारावी तसं तिनं विचारलं. अख्ख्या नोकरीत सरांनी एकही शंका उत्तराशिवाय सोडली नव्हती. आज त्यांनी तिच्या घरचा पत्ता विचारला.

दुसऱ्याच दिवशी ते मंजुषा मॅडमना घेऊन तिच्या गावी गेले. साखराबाईंनी चहा ठेवला. सरांनी हात जोडले. "चूक पोरीची नव्हती, आमची होती. तिला शिकू द्या. तुमची पोर हुशार आहे."

ग्यानोबांनी सरांचे जोडलेले हात खाली केले.

"सर, आमाला काय गणितातलं कळतंय? तुमी नापास म्हणलं, आमी मानलं. भावकी म्हणली, डोस्कं न्हाई तर कशाला भाडं-तोडं घालताव. तरी मी चार महिने टाळलं. मग जबान दिली. साखरपुडा झाला. आता सांगायलाव हुशार हाय म्हणून. तव्हा सांगायचं होतं सर."

आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. साखराबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सर तिथंच, परक्याच्या ओसरीत, मुलासारखे रडले.

येताना मॅडम म्हणाल्या, "खडा नव्हता सर तो. दाणा होता. आपली चाळणीच चुकीची होती."

त्या महिन्याच्या बैठकीत सरांनी शेंगदाण्यांना हात लावला नाही. फळ्यावर सगळे विषय लिहिले आणि कोणता कशावर उभा आहे त्याचे बाण काढायला मॅडमच्या हाती खडू दिला. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस आलं, त्याच्याही आधी बारावीची उजळणी. ॲनालिसिस दुसऱ्या वर्षात गेलं. कुणी काय शिकवायचं हे सगळ्यांत शेवटी ठरलं, आणि उजळणीचा तास सरांनी स्वतःकडं मागून घेतला. पण ऋतुजाचं लग्न काही मागं घेता आलं नाही.

मित्रांनो, पोर नापास झाली की आपण तिच्या डोक्याला दोष देतो. मास्तर देतो, बाप देतो, भावकी तर आधीच देते. तिच्या पायाखाली आपण कोणती पायरी आधी ठेवली आणि कोणती ठेवलीच नाही, हे कोण बघणार? शिकवण्याचा क्रम शिकवणाऱ्याच्या मानावरून लागत नसतो, तो शिकणाऱ्याच्या गरजेवरून लावायचा असतो. एवढं साधं कळायला एका पोरीचं शिक्षण जावं लागलं.

लग्नाला सर गेले. अक्षता पडल्या, जेवणं झाली. निघताना नवरीनं वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "त्या राहिलेल्या पेपरात पास झालीस गं. वर्गात पहिली आलीस."

ऋतुजा क्षणभर हसली. मग तिनं हळूच विचारलं, "यंदा पहिल्याला काय ठेवलंय सर?"

"कॅल्क्युलस."

"बरं केलं." तिनं डोळे पुसले. "माझी नणंद बारावीला हाय. तिला तुमच्याकडंच पाठवते."