शेवटचा शब्द येईपर्यंत

इंग्रजी भाषेचं अवघं मर्म एका वाक्यात सांगता येतं: नावांची कितीही लांब रांग लागो, खरी वस्तू रांगेच्या शेवटी उभी असते. हा शोध मी स्वतःच्या अकलेने लावला आणि सर्वांत आधी माझ्या दाजींना सांगितला. ते म्हणाले, "मग बाकीचे पुढे उभे राहून काय करताहेत?"

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. इस्पितळाच्या धुलाई खात्यात ते सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळत होते आणि मी त्याच खात्यात कारकून होतो. खातं नव्या मालकांकडे गेलं आणि त्यांनी बॉयलरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर, प्रत्येक नळीवर इंग्रजी नावाची पितळी पाटी ठोकली. गुरुवारी निरीक्षक येणार आणि पाट्यांवरच्या नावांनी परीक्षा घेणार, असं फर्मान निघालं. नापास होईल त्याने बॉयलर सोडायचा आणि चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर जायचं. घड्या घालण्यात कमीपणा काहीच नाही. पण सव्वीस वर्षं आग आणि पाणी यांच्यात भांडण होऊ न दिलेल्या माणसाला उशीच्या खोळी देणं म्हणजे जरा जास्तच. फर्मान आल्यापासून दाजी ताटात काय वाढलंय हे न बघता जेवू लागले.

खरी अडचण अशी की बॉयलरच्या अवयवांना दाजींनी स्वतःच नावं देऊन ठेवली होती, आणि तीही नात्यांची. पाणी ढकलणारा पंप म्हणजे आत्या; ती आली की सगळ्या घराला कळतं. वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह म्हणजे थोरले. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दाबाचा काटा म्हणजे वन्सं. एकदा चढल्या की लवकर उतरत नाहीत.

"आणि मी कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"आहात की एका कोपऱ्यात," दाजी म्हणाले. "महत्त्वाच्या जागी आहात."

मला बरं वाटलं.

शिकवणी अर्थातच माझ्याकडे आली. ताईच्या स्वयंपाकघरात मी वही उघडायचो.

"फीड वॉटर टँक ड्रेन व्हॉल्व्ह. यात वस्तू कोणती?"

"टाकी."

"शेवटचा शब्द, दाजी!"

"व्हॉल्व्ह. कशाचा? पाणी काढून टाकायचा. कुठून? टाकीतून. कसल्या टाकीतून? बॉयलरला पाणी देणाऱ्या." घाम पुसत ते म्हणाले, "म्हणजे यांच्या घरात मागच्या दाराने शिरायचं."

"शाबास! आता बंडल ऑफ टॉवेल्स."

"टॉवेल."

"चूक. बंडल. मध्ये 'ऑफ' आला की रांग उलटी फिरते, मुख्य वस्तू पुढे येते."

"एवढासा तो 'ऑफ', आणि त्याच्या शब्दावर सगळे माघारी फिरतात?" दाजींनी चुलीकडे पाहिलं. "ओळखीचं वाटतंय."

"मला ऐकू येतंय हं," ताई मागे न वळता म्हणाली. "आणि तू रे, त्यांना घाबरवू नकोस. झोपेत व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह करतात."

शेवटच्या दिवशी मी गुरुमंत्र दिला. "दाजी, एकच लक्षात ठेवा. शेवटचा शब्द कानावर येईपर्यंत हात हलवायचा नाही."

या मंत्राचा मला नंतर फार पश्चात्ताप झाला.

गुरुवारी निरीक्षक आले ते छातीशी जाडजूड यादी धरून. नोंदी ठेवायला मला बसवलं होतं. "कारकुनाने तोंड उघडायचं नाही," त्यांनी आधीच बजावलं. मग दाजींकडे वळून म्हणाले, "मी यादीतलं पूर्ण नाव वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. लावला की नापास. कळलं?"

"कळलं, साहेब."

पाणी कमी झालं की आग आपोआप विझवणारी एक कळ बॉयलरला होती. निरीक्षकांनी ती परीक्षेपुरती बाद केली. "मध्येच बंद पडलं तर माझा क्रम चुकतो," ते म्हणाले. दाजींनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

पहिली अकरा नावं दाजींनी अशी टिपली की माझी कॉलर ताठ झाली. निरीक्षक वाचायचे, दाजी डोळे मिटून ऐकायचे, शेवटचा शब्द आला की मागून पुढे चालत जायचे आणि नेमक्या पाटीवर बोट ठेवायचे. बारावं नाव आलं.

"बॉयलर बॉटम ब्लोडाउन व्हॉल्व्ह. उघडा."

बॉयलरच्या तळाचा गाळ बाहेर टाकायचा हा व्हॉल्व्ह. तो उघडायचा, पाच मोजायचे आणि बंद करायचा, कारण गाळाबरोबर पाणीही जातं. दाजींनी उघडला. पाणी खालच्या नळीतून घोंघावत सुटलं, खोलीभर वाफ झाली आणि निरीक्षकांचा चष्मा पांढराफट्ट पडला.

पाच झाले.

"आता बंद करा तो... थांबा हं. पूर्ण नाव." निरीक्षकांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि यादीत बोट घातलं. त्यांनी यादी वर्णक्रमाने लावली होती, पहिल्या शब्दावरून. पहिला शब्द 'बॉयलर' असलेली त्रेचाळीस नावं होती.

"बॉयलर एअर... बॉयलर इनलेट... हे नाही."

दहा. बॉयलरला एक काचेची उभी नळी असते. आत जेवढं पाणी, तेवढं तिच्यात दिसतं. तिच्यावर तांबडी रेघ असते. पाणी रेघेच्या खाली गेलं आणि आग तशीच चालू राहिली, तर पुढे काय झालं हे सांगायला त्या खोलीतलं कुणी उरत नाही. पाणी रेघेच्या चार बोटं वर होतं. मग तीन.

"बॉयलर रूम... बॉयलर सेफ्टी... पानं चिकटली वाटतं."

दाजींचा हात चाकापासून वीतभर अंतरावर थांबला होता. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटचा शब्द येईपर्यंत हात हलवायचा नाही, असं त्यांना शिकवणारा गाढव मीच होतो. मी तोंड उघडलं.

"कारकून!" निरीक्षक वर न बघता ओरडले.

दोन बोटं. वीस कधीच होऊन गेले होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडून इस्त्रीखान्याची बाई आत आली. "दाजी, वाफ कुठे मेली? माझ्या चादरी चुरगळल्या सगळ्या. मेहुणा उघडा राहिलाय का?"

दाजींनी हात टाकला. दोन झटक्यांत व्हॉल्व्ह बंद, तिसऱ्यात बर्नर बंद. घोंघाट थांबला. काचेतलं पाणी तांबड्या रेघेवर टेकलं, थरथरलं आणि तिथेच राहिलं.

बंद पडलेल्या बर्नरचा पत्रा थंड होताना टिकटिक वाजत होता.

"तुम्ही नाव ऐकण्याआधी हात लावलात," निरीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"लावला," दाजी म्हणाले. "आता घड्या घालेन. पण ती कळ आधी चालू करा, साहेब. तोपर्यंत मी इथून हलणार नाही आणि आगही पेटवणार नाही."

निरीक्षकांनी काचेकडे पाहिलं. मग कळीकडे. ती बाद करणारा हात कुणाचा, हे त्यांना आठवत असावं. त्यांनी मुकाट्याने कळ चालू केली आणि निकालाचा कागद पुढे ओढला. 'नापास' या चौकटीपुढे छापलं होतं: कारण सविस्तर लिहा. निरीक्षकांचं पेन तिथे बराच वेळ रेंगाळलं. शेवटी त्यांनी 'पास'वर खूण केली. तिथे कारण लिहायचं नव्हतं.

दाजी उलट्या बादलीवर मटकन बसले. इस्त्रीबाईने त्यांना पाणी दिलं.

"हा मेहुणा कोण?" निरीक्षकांनी विचारलं.

"तो व्हॉल्व्ह, साहेब," इस्त्रीबाई म्हणाली. "पाच मोजेपर्यंत ठीक असतो. त्यापुढे राहिला की घर रिकामं करतो." आणि तिने अगदी निरागसपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे अख्ख्या खात्याला माहीत होतं.

निरीक्षक गेल्यावर मी नोंदवही मिटली आणि दाजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"दाजी," मी म्हणालो, "आत्यांच्या शेजारी तो लहानसा काटा आहे ना, तो कुणाला दिलेला नसेल, तर माझ्यासाठी बघा की."