क्रांतीचा कंपायलर

पडद्यावर पुन्हा शून्य आलं. यायला हवं होतं अडीच.

क्रांतीने टेबलावरच्या तळहाताएवढ्या बोर्डाची वायर काढून परत जोडली. त्या बोर्डावर नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने घडवलेला नवाकोरा प्रोसेसर होता. त्याला समजेल अशा भाषेत प्रोग्रॅम उतरवणारा कंपायलर क्रांती चौलच्या या घरात बसून तयार करत होती. अख्खं काम एकटीच्या अंगावर पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्या आनंदात तिला धड जेवणही सुचत नव्हतं. मात्र संध्याकाळच्या कॉलपर्यंत चाचणी पास झाली नाही, तर काम बेंगळुरूच्या ऋत्विककडे जाणार, असं कंपनीच्या हितेश सरांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. त्यांच्या गोड शब्दांचीच तिला जास्त भीती वाटे.

कोलंबी सोलता सोलता आईने, सोनाबाईने, विचारलं की एवढं अडलंय कुठे. क्रांती म्हणाली, दोघींनी एक स्वयंपाकघर चालवायचं तर मीठ कुठल्या डब्यात, हे आधी ठरायला हवं. प्रोसेसरचंही तसंच. प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने दुसऱ्यासाठी आकडा कुठल्या कप्प्यात ठेवायचा, याचा करार असतो. त्याला एबीआय म्हणतात. नव्या करारात अपूर्णांकांचे कप्पे बदलले होते, आणि कुणीतरी अजून जुन्याच कप्प्यात हात घालत होतं.

"मंग आमटी अळणी व्हनारच की," सोनाबाई म्हणाली.

पण हे कुणीतरी कोण? क्रांतीने सगळ्या सेटिंग पुन्हा वरपासून वाचायला घेतल्या आणि एका ओळीवर थबकली. सुरुवातीला काहीतरी चालू व्हावं म्हणून तिने गणिताची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, तात्पुरता आणून ठेवला होता. तिचा आणि नव्या प्रोग्रॅमचा करार जुळत नाही म्हणून तुकडे जोडणारा लिंकर ओरडायला लागला, तेव्हा एक स्विच टाकून तिनेच त्याचं तोंड बंद केलं होतं. तात्पुरतंच. या धंद्यात सगळे असंच म्हणतात आणि विसरून जातात. बिचारा लिंकर तेव्हापासून गप्प होता.

तिने स्विच काढला. लिंकरने साचलेल्या तक्रारींचा पाऊस पाडला, फाइलच्या नावासकट. बोलणी खाऊन इतका आनंद तिला आजवर झाला नव्हता. नव्या कराराची लायब्ररी तयार केली, पत्ता बदलला, चाचणी लावली.

अडीच.

तिने कोलंबीच्या हातांसकट आईला धरून गरकन फिरवलं.

कॉलवर हितेश सरांनी तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाले की अवघड भाग तर झाला, आता पुढचं ऋत्विक बघेल, तू त्याला मदत कर.  पण क्रांतीच्या अंगात अजून अडीचची झिंग होती.

"सर, ऋत्विकला माझ्या मदतीला द्या," ती म्हणाली. "काम माझ्याकडेच राहील."



"बरं," सर म्हणाले. "कंपायलरच्या फाइलमध्ये जबाबदार म्हणून तुझंच नाव टाक."

तिने लगेच टाईप केलं. काय लिहितेस म्हणून आई मागे येऊन उभी राहिली. "क्रांती सोनाबाई जाधव," क्रांतीने वाचून दाखवलं. "कुणालाही, कुठेही हा कंपायलर अडला की हे नाव दिसेल."

"माजं कशाला गं त्यात?"

सोनाबाई वर्षानुवर्षं नागावच्या बंगल्यांत झाडलोट करायची, आणि तिथल्या पाहुण्यांनी तिला मावशी म्हटलं होतं. दुसरं नाव कुणाला लागलंच नव्हतं.

"कुठलं माजं?" तिने जरा वेळाने विचारलं. अक्षरं इंग्रजी होती, म्हणून क्रांतीने बोट ठेवून दाखवलं. बोट काढून घेतल्यावरही सोनाबाई वाकून त्याच जागेकडे बघत राहिली.