चौसष्टाव्या पानाच्या पुढे

जर्मन साहित्य आणि विचार हा विषय मी घेतला तेव्हा आत्याने विचारलं, "हे शिकून करणार काय?" मी ऐटीत म्हटलं, "विचार!" तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी मला कोणी हाक मारत नाही. मी विचार करत असते ना!

खरं तर माझे विचार उसनेच. माझा प्रबंध तत्त्वज्ञानाच्या एका सहाशे पानी ग्रंथावर होता. त्यावरचे झाडून सगळे टीकाग्रंथ मी वाचले होते, फक्त तो ग्रंथ तेवढा राहून गेला होता. तळटिपा मात्र दणक्यात दिल्या होत्या. पृष्ठ २१२, पृष्ठ ३४०, पुन्हा २१२.

मार्गदर्शक बाईंनी तीस वर्षांपूर्वी याच ग्रंथावर डॉक्टरेट मिळवलेली. त्यांच्यापुढे त्याचं नाव काढायलाही लोक बिचकत. प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी मी बाईंच्या खोलीत सहीसाठी गेले, तर तिथे आलेले विभागाचे कारकून म्हणाले, "नवा नियम आहे. एक तळटीप मूळ प्रतीशी ताडून बघायची, बाईंसमोर."

"कशाला? माझा विश्वास आहे हिच्यावर," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम, मॅडम," म्हणत कारकून निघून गेले.

ग्रंथालयात एकच प्रत होती. ती मी आणली आणि बाईंच्या टेबलावर उघडली. जुन्या छपाईत पानांच्या कडा जोडलेल्याच असत, वाचणाऱ्याने त्या सुरीने कापायच्या. इथे चौसष्टाव्या पानापर्यंतच कापलेल्या होत्या. पुढे २१२ काय नि ३४० काय, सगळं बंद.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, मी हे वाचलेलं नाही."

बाईंनी त्या कडांवरून बोट फिरवलं.

"चौसष्टपर्यंत मीच कापली होती," त्या म्हणाल्या. "मग टीकाग्रंथ हाती लागले."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. त्यांनी उठून दार लावलं, सहीचा कागद खणात टाकला आणि कपाटातून सुरी काढली.

माझं वर्ष फुकट गेलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. बाईंचं किती गेलं, ते मी विचारत नाही. सध्या आम्ही एकशे सहाव्या पानावर आहोत, आणि दोघींनाही ओ की ठो कळत नाहीये.