न बघता दिलेला चेंडू

सिमेंटवर पडणाऱ्या चेंडूचा आवाज मी आधी ऐकला आणि माणूस नंतर पाहिला. सौदी अरेबियात, दम्माममधल्या आमच्या कंपनीच्या वसाहतीत त्या हिवाळ्यात आवाज उरलेच नव्हते. इराकने कुवेत घेतल्यावर बायकामुलं भारतात परत गेली, तशा कुकरच्या शिट्ट्या गेल्या, जिन्याखालच्या सायकलींच्या घंटा गेल्या, एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत चालणारं बोलणं गेलं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या आणि प्रत्येक फुलीमागे एकेक माणूस आपापला रेडिओ कानाशी धरून बसला. अशा त्या निःशब्द आवारात, उतरत्या उन्हाच्या वेळी, इमारतीच्या मागून एक नाद येऊ लागला. एकाच वेळी भरीव आणि पोकळ, संथ, सम, आणि कुणाचीही वाट न पाहणारा. मी मागची खिडकी उघडली. खाली बास्केटबॉलच्या उघड्या मैदानावर एक बुटका, सावळा तरुण एकटाच भिंतीकडे चेंडू फेकत होता आणि भिंतीकडून तो परत घेत होता.

त्याचं नाव नरेश. तो नागपूरचा. तो आमच्याकडे कसा आला हे मला ठाऊक होतं, कारण कंपनीचा हिशेबनीस या नात्याने त्या व्यवहाराचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते. कंपनीचा एक पगारी संघ होता आणि कंपन्यांच्या लीगमध्ये तो खेळत असे. त्या संघातले दोन उंचेपुरे सुदानी खेळाडू ताइफच्या एका कंपनीला देऊन त्यांच्या बदल्यात हा एक मुलगा घेतला होता. हा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे आणणारा आणि तो कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवणारा. त्याने स्वतः बास्केट केली तर केली, नाही केली तरी चालतं. दोन उंच देऊन एक बुटका घ्यायचा, आणि तोही बास्केट न करणारा! माझ्या हिशेबी मनाला तो सरळसरळ तोट्याचा सौदा वाटला होता.

ताइफ डोंगरातलं गाव. तिथे गुलाबांची शेतं आहेत आणि उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगावर काही घ्यावं लागतं, असं तो सांगे. लढाईच्या भीतीने आमच्याकडचे लोक मिळेल त्या गाडीने पश्चिमेला निघाले होते, तेव्हा हा त्या शीतल, सुरक्षित उंचीवरून उतरून आमच्या या दमट, सपाट, सायरनच्या किनाऱ्यावर आला. बरोबर एक बॅग, एक चेंडू आणि गुलाबपाण्याची एक बाटली. त्याच्या चेहऱ्यात लक्षात राहावं असं काही नव्हतं. लक्षात राहत ते हात. तळवे शरीराच्या मानाने मोठे, बोटं लांब आणि सदैव किंचित फाकलेली, जणू अदृश्य असं काहीतरी गोल त्यांनी सांभाळून धरलं आहे. जेवतानाही खुबूस रोटीचा तुकडा तो असा तोडी की हाताचा वेग दिसू नये, फक्त काम झालेलं दिसावं. आणि डोळे. ते कधी समोरच्यावर ठरत नसत. बोलायचा माझ्याशी आणि बघायचा माझ्या खांद्यापलीकडे, दाराकडे, खिडकीकडे. पहिले काही दिवस मला तो उद्धटपणा वाटला.

कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे मुदीर म्हणत असू, त्यांनी त्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगितली होती. "लीग सुरू होऊ दे. आधी त्याचा खेळ बघतो, मग इकाम्यावर आपलं नाव." इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आणि त्यावर नाव लागतं कफीलचं, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाचं. ताइफच्या कफीलने त्याला सोडला होता आणि आमच्याने अजून धरला नव्हता. माणूस असाही हवेत असू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. एका हातातून सुटलेला, दुसऱ्या हातात न पोहोचलेला, आणि खाली जमीन आहे हे पक्कं माहीत असलेला. मुदीरनी नाही म्हटलं, तर परत जायला नागपूर होतं आणि नागपुरात भावाचं टायरचं दुकान होतं.

"टायरही गोलच असते ना जी काका," तो म्हणे, "फक्त त्याचा पास दिला तर ते कोणाकडं जात नाही. पडून राहते."

जानेवारीत लढाई सुरू झाली आणि लीग बंद पडली. संघातले फिलिपिनो खेळाडू सुटी घेऊन आधीच घरी गेले होते. उरला हा एकटा, एका बंद पडलेल्या संघाचा न खेळलेला खेळाडू. तरी रोज ऊन कलतं झालं की तो मैदानावर उतरे. चुना दिलेल्या त्या भिंतीवर हळूहळू करड्या वर्तुळांची एक वेल उमटू लागली. कंपनीचा ड्रायव्हर जोसेफ, केरळचा, माझ्याशेजारी उभा राहून ते पाहत असे. एकदा तो म्हणाला, "साब, ये लड़का पागल है. दीवार को पास देता है, फिर दीवार को थैंक्यू बोलता है."

"दीवार कभी छुट्टी पे नहीं जाती, जोसेफभाई," नरेशने मागे न वळता उत्तर दिलं.

त्या वाक्यात विनोद होता आणि आम्ही तिघेही हसलो; पण खोलीत परतल्यावर मला ते हसू टोचत राहिलं. बास्केट करणारा एकट्याने सराव करू शकतो. धावणारा एकटा धावू शकतो. ज्याची सगळी कला देण्यातच आहे, त्याने घेणाऱ्याशिवाय काय करावं? गवयाला निदान आपला आवाज ऐकू येतो. याला तेवढीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचे बूट काढले, कॅनव्हासचे चढवले, चष्म्याला मागून दोरी बांधली आणि मैदानात जाऊन उभा राहिलो. वय सेहेचाळीस. चेंडूशी याआधीचा संबंध शाळेत असताना आला होता, तोही अंगावर बसलेल्या फटक्यांच्या रूपाने.

पहिला चेंडू माझ्या छातीवर आदळला, दुसरा कानाजवळून गेला.

"काका, तुम्ही माझ्या डोळ्याकडं पाहून राहिले ना, तेच चुकते."

"मग पाहायचं कुठे?"

"कुठंच नाही. ज्याला द्यायचं त्याच्याकडं मी पाहतच नाही. पाहिलं की सगळ्यांना समजते. तुमच्याकडं पाहून नाही राहिलो, म्हणजे समजा तुमच्याकडेच येऊन राहिला. हात तयार ठेवा, बस."

समजायला सोपं होतं, पण हातांना ते पटेना. आपल्याकडे पाठ फिरवलेल्या माणसाकडून काही मिळेल, हा विश्वास आपल्याला कुठे कुणी शिकवलेला असतो? पण हळूहळू तळव्यांना ते उमगत गेलं. तो डावीकडे, मैदानाच्या कडेला पडलेल्या रिकाम्या खुर्चीकडे रोखून पाही, त्याचा खांदा, कंबर, चेहऱ्यावरची उत्सुकता, सगळं त्या खुर्चीच्या दिशेने झुकलेलं असे, आणि त्याच क्षणी जणू दुसऱ्याच कुणाचा हात त्या देहातून बाहेर येऊन चेंडू माझ्या ओंजळीत ठेवून जाई. ठेवून जाई हाच शब्द. कधी लागला नाही, कधी वाकायला लावलं नाही. अस्ताला जाणारं नारिंगी ऊन, समुद्रावरून येणारा खारट वारा, दूर महामार्गावर लष्करी ट्रकांची अखंड घरघर, आणि त्या सगळ्यांमधून माझ्याकडे न बघता माझ्यापर्यंत येणारी ती गोल, उबदार वस्तू. दिवसभरात दुसऱ्या कुणाच्या हातातून माझ्या हातात आलेली बहुधा ती एकच गोष्ट असे.

सायरन वाजला की आम्ही जिन्याखालच्या कोनाड्यात बसत असू. विषारी वायूच्या भीतीने वाटलेले मुखवटे गळ्यात अडकवलेले, ओल्या टॉवेलांना त्याच्या गुलाबपाण्याचा वास. तो चेंडू मांडीवर घेऊन बसे, आणि मोठा आवाज झाला की त्याचे तळवे चेंडूवर आणखी थोडे पसरत. भीती वाटते का, असं मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही मला नाही. एकदा नाशिकहून फोन लागला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आर यू अलोन देअर?" उत्तर देण्याआधी मी त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीप्रमाणे दुसरीकडेच बघत होता. "नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

लढाई संपली. मार्चमध्ये कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर वाऱ्याबरोबर खाली आला आणि भर दुपारी आकाश काजळी धरलेल्या कंदिलासारखं झालं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडू लागले. अशाच एका मळभलेल्या दुपारी मुदीर अचानक मैदानावर आले. बरोबर त्यांचे दोन तरुण पुतणे, दोघेही खेळणारे. लीग पुढच्या मोसमात सुरू होणार होती आणि दोन उंच माणसांच्या बदल्यात नेमकं काय पदरात पडलं आहे, हे त्यांना आज पाहायचं होतं. "यल्ला," ते म्हणाले, "दाखव."

एकट्याने दाखवण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. म्हणून त्याच्या बाजूने जोसेफ आणि मी उभे राहिलो, समोर ते दोन पुतणे. नरेश चेंडू आपटत पुढे आला. त्याने जोसेफकडे पाहिलं. असं पाहिलं की जोसेफने घाबरून हात वर केले, आणि दोन्ही पुतणे तिकडे सरकले. बास्केटखाली मी एकटा होतो. नरेश माझ्याकडे बघत नव्हता. माझे हात तयार होते. चेंडू आला, आणि माळ्यावर गाठोडं टाकावं तसा मी तो दोन्ही हातांनी वर फेकला. तो जाळीतून खाली पडला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा जोसेफच्या हातूनही बास्केट झाली.

मुदीर टाळ्या वाजवत पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या मुहासिब! मुम्ताज! शाब्बास! हिशेबनीस म्हणून ठेवला आणि खेळाडू निघाला!" पुतणे हसले. मग मुदीरनी नरेशकडे बोट दाखवलं. "आणि हा? यानं तर एकदाही टाकला नाही."

मी अरबी, इंग्रजी, हिंदी, जे जे जवळ होतं ते सगळं वापरून सांगितलं, की मी काही केलेलं नाही, जे केलं ते यानंच केलं, मला फक्त मिळत गेलं. मुदीरना तो माझा विनय वाटला. त्यांनी माझी पाठ थोपटली. दोन उंच माणसं देऊन हा आणला, असं स्वतःशी म्हणत त्यांनी मान हलवली आणि तळवे झटकले. "खलास." ताइफवाले आमचे उंच खेळाडू परत करायला तयार नव्हते, म्हणजे आता उरला तो फक्त नरेशच्या पासपोर्टवर परतीचा शिक्का.

ते गेल्यावर नरेश मैदानातच बसला. काजळल्या उजेडात त्याचा चेहरा मला नीट दिसेना. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काय टाकला जी काका तुम्ही! गाठोडंच!" आणि बराच वेळ हसला. हसू विरल्यावर हळूच म्हणाला, "आमचे कोच म्हणत, चांगला पास तोच, ज्यात देणारा दिसत नाही. मुदीरनं तर सर्टिफिकेटच दिलं पाहा." त्याची बोटं फाकलेलीच होती, चेंडू मात्र घरंगळत भिंतीपाशी जाऊन थांबला होता.

तो गेला त्या सकाळी वारा उत्तरेचा नव्हता, त्यामुळे ऊन स्वच्छ होतं. जोसेफ गाडी घेऊन दाराशी आला. नरेश पुढच्या सीटवर बसला, काच खाली केली आणि जोसेफची थट्टा सुरू केली: गाडी नीट चालव, विमान चुकलं तर मुदीर तुलाच पॉइंट गार्ड करतील. त्याची मान, खांदे, डोळे, सगळे जोसेफकडे वळलेले. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मला वाईट वाटायला लागणार, तेवढ्यात माझे हात आपसूक वर आले. खिडकीतून चेंडू बाहेर आला आणि माझ्या ओंजळीत बसला. गाडी निघाली. ते डोकं शेवटपर्यंत जोसेफकडेच वळलेलं होतं.

उन्हाळ्यात माणसं परतली. कुकरच्या शिट्ट्या आल्या, बाल्कन्या बोलू लागल्या, माझी मुलगी वीतभर उंच होऊन आली. भिंतीला नवा चुना दिला, त्याखाली ती वर्तुळं गेली. मी अजूनही कधीकधी ऊन कलताना मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. काळ आपल्याकडे पाठ करून, दुसऱ्याच कुणाकडे बघत निघून जात असतो. आणि गेलेलं माणूस नेमकं त्याच वेळी, कुठून ते न कळता, हातात येऊन बसतं. आपण फक्त तळवे उघडे ठेवायचे.